खिशावरचं नाव

काकांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे. त्यांच्या बाजूला त्या भिंतीवर खुंटीला कंपनीचा निळा शर्ट लटकतो. आमच्या बाजूला माझा पदवी घेतानाचा फोटो आहे, काळ्या झग्यातला. दोन्ही घरांत मिळून कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. पहिल्या वर्गात बी.ए. झालेली तर अख्ख्या वाडीत मीच. हे मला स्वतःला सांगावं लागतं, कारण दुसरं कुणी सांगत नाही. सोयरीक घेऊन माणसं येतात ती शर्ट बघून येतात. फोटो बघून आजवर कुणी चहालासुद्धा थांबलेलं नाही.

तो शर्ट त्यांच्या भिंतीवर कसा गेला, ते आधी सांगते. आजोबांनी दोन मुलांत जमीन वाटली तेव्हा माझे वडील थोरले, म्हणून त्यांना आधी निवडू दिलं. वडिलांनी डोंगराच्या उताराची, नाचणी-वरीची वरकस जमीन घेतली. खालच्या भातशेतात दर पावसाळ्यात नदीचं पाणी चढायचं, कोण त्या चिखलात मरेल, असा त्यांचा हिशोब. खालचं शेत काकांना गेलं. मग बिरवाडीच्या बाजूनं कारखाने वाढत वाढत आले आणि नेमकं ते खालचं शेत कंपनीत गेलं. ज्याची जमीन गेली त्याच्या घरात एक कायम नोकरी. काका लागले. काका निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ. आम्ही दोघं एकाच वर्षी जन्मलो, एकाच बाकावर शिकलो. दहावीला गणितात तो दोनदा आपटला. त्याच्या उत्तरपत्रिकेपेक्षा माझी रफ वही बरी असायची. आज तो कायम आहे आणि मी महाडच्या एका ज्युनियर कॉलेजात तासावर शिकवते. तास झाला तर पैसे, सुट्टी आली तर घरी.

वडील मी बारावीत असतानाच गेले होते. त्यामुळे माझ्या धाकट्या भावाला कॉलेज असं मिळालंच नाही. तो त्याच कंपनीत लागला, पण ठेकेदाराकडून. कंपनीचं मोठं गेट कायम माणसांसाठी, आणि शेजारचं अरुंद दार ठेकेदाराच्या माणसांसाठी. चुलतभाऊ नाक्यावरून कंपनीच्या बसनं जायचा, धाकटा तीनचाकी मिनीडोरमध्ये गुडघे पोटाशी घेऊन. काम तेच, कधी कधी यंत्रसुद्धा तेच.

कपड्यांचं म्हणाल तर आमच्यात जुनी रीत आहे. भावकीत मोठ्या मुलाला आखूड झालेलं लहान मुलाला जातं. शाळेची खाकी चड्डी, स्वेटर, पावसाळी चपला, सगळं चुलतभावाचं उतरून धाकट्याच्या अंगावर यायचं. कुणी मागत नाही, कुणी दिलं असं म्हणत नाही. काकी घडी घालून आमच्या ओट्यावर ठेवून जाते, बस्स. धाकटा ते नव्यासारखं मिरवायचा. मी जळायची. माझ्या भावाच्या अंगाला कायम दुसऱ्याच्या घरच्या साबणाचा वास, हे मला कधी पटलं नाही. एकदा मी माझ्या पहिल्या पगारातून त्याला कोरा शर्ट आणला. तो त्यानं लग्नकार्याला ठेवून दिला आणि चुलतभावाचाच घालून हिंडत राहिला.

तर कायम माणसांना दरवर्षी नवे शर्ट मिळतात, जाड सुताचे, खिशावर नाव शिवलेले. ठेकेदाराच्या माणसांना नुसतं चमकतं बिनबाह्यांचं जाकीट. गरम पाइप लागला तर तो सरळ कातडीला. नवे शर्ट आले तशी काकीनं जुना आमच्या ओट्यावर ठेवला.

"घे रे," ती धाकट्याला म्हणाली, "अजून दोन वर्सं मरण नाय याला."

मी म्हटलं, "खिशावरचं नाव तरी उसवून दे गो काकी."

"कशाला? भोक पडल तिथं. नाव काय चावतंय?"

धाकटा खूश. "ताय, तुला म्हाईत नाय. हा घातला का कॅन्टीनवाला भात वाढताना हात आखडत नाय. मला सायेब म्हणला परवा."

"आणि तू काय म्हणालास?"

"म्हणलं, वाढ अजून."

त्याची बायको, माझी भावजय, चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसली. ती पोलादपूरकडची, आंबेनळीच्या वाटेवरच्या एका वाडीतली. हसताना आवाज करायचा नाही, असं तिला तिच्या आईनं शिकवलेलं.

त्या शनिवारी माझा तास रद्द झाला होता, म्हणून मी घरी होते. उन्हं कलायला लागली आणि काकांच्या अंगणात बोंब उठली. कंपनीतून फोन आला होता. वरच्या लोखंडी माचाचा कठडा तुटून माणूस खाली पडला, जागीच गेला, आणि शर्टाच्या खिशावरचं नाव चुलतभावाचं. तो पहिल्या पाळीला गेलेला, तीन वाजता सुटून घरी यायला हवा होता. आला नव्हता. त्याचा फोनही लागत नव्हता. कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

मी धावत गेले. काकी अंगणात मातीत बसली होती. मी तिला मागून धरलं. ती माझ्या हातांवर कपाळ आपटत होती आणि म्हणत होती, "एकुलता गो, एकुलता." मयताच्या घरची चूल पेटत नाही, म्हणून आईनं आमच्या चुलीवर चहाचं मोठं पातेलं चढवलं. पावणेरावळे, शेजारी, सगळ्यांना चहा आमच्याकडून.

तेवढ्यात कंपनीची पांढरी गाडी आली. दोन साहेब उतरले. त्यांनी पायरीपाशी बूट काढले. मोजे घातलेल्या पायांनी ते शेणानं सारवलेल्या अंगणातून चालत आले आणि काकांच्या शेजारी खाली बसले. एकानं काकांचा हात हातात घेतला. "तुम्ही काळजी करू नका, काका. कंपनी तुमच्या घरची आहे. सुनेला आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही. तिला कामावर घेऊ, मुलांचं शिक्षण बघू." चुलतभावाचं तर अजून लग्नही झालेलं नव्हतं. साहेबांना ते माहीत नव्हतं, पण बोलणं तयार होतं. ते ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की कायम माणसाच्या मरणासाठीसुद्धा आधीपासून जागा करून ठेवलेली असते.

मग मोटरसायकलचा आवाज आला.

चुलतभाऊ आला. त्या दिवशी तो बसनं न जाता गाडीनंच गेला होता आणि पाळी सुटल्यावर परस्पर नाते गावाला क्रिकेटचे सामने बघायला गेला होता. फोनची बॅटरी उतरलेली. अंगणातली गर्दी बघून तो गाडीवरच बसून राहिला. "काय झालं? बाबा हायत ना?" एवढंच त्याला सुचलं.

काकीनं जी किंकाळी मारली ती मी जन्मात विसरणार नाही. ती धावली, दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं, चाचपलं, त्याला एक सणसणीत थोबाडीत दिली आणि परत मिठी मारली. लोक हसायला लागले, रडायला लागले. कुणीतरी म्हणालं, "पेढे काढा!" आणि मग एक म्हातारा, गावचाच, सहज बोलल्यासारखा बोलला, "मंग शर्ट कोणाच्या आंगात व्हता?"

आई चहाचे ग्लास घेऊन दोन्ही घरांच्या मधल्या पायरीवर उभी होती. तो शर्ट आदल्या दिवशी तिनंच धुतला होता. तिनं ताट खाली ठेवलं, अगदी नीट, एकही ग्लास न सांडता, आणि मग ती खाली बसली.

साहेबांपैकी एक उठून बाजूला गेला आणि फोनवर बोलू लागला. परत आला तेव्हा दुसऱ्याला हळू म्हणाला, "ठेकेदाराचा आहे." दोघांनी बूट घातले. जाताना एकजण माझ्याकडे बघून म्हणाला, "ठेकेदाराचा माणूस येईल." काकांच्या अंगणात गर्दी होती म्हणून ती पांढरी गाडी आमच्या अंगणात वळवून घेतली. चाकांचे वळसे ओल्या सारवणावर तसेच राहिले. बूट काढण्याची गरज त्यांना आमच्या अंगणात पडली नाही.

काकीनं आपली चूल पेटवली आणि चहाचं पातेलं चढवलं. आता चहा तिच्याकडून. ती रडतच होती, रडण्यात खोट नव्हती, पण मध्ये मध्ये ती वळून दारात उभ्या असलेल्या मुलाकडे बघत होती, आहे ना म्हणून. मला जे वाटलं ते मी इथं लिहिते, पुसत नाही. मला वाटलं, पहिली बातमीच खरी का नव्हती. तिच्या घरी मरण दोन तास येऊन परत गेलं, आणि जाताना फक्त भिंत ओलांडून गेलं. तिचा परत आला. हे मी आजही तिला पूर्ण माफ केलेलं नाही, आणि यात तिचं काही चुकलेलं नाही हेही मला माहीत आहे.

सुतक मात्र दोन्ही घरांना सारखं लागलं. एवढ्या एका गोष्टीत वाटणी नव्हती. धाकट्याला एकच मुलगी, तीन वर्षांची. तेव्हा मडकं कुणी धरायचं? चुलतभावानं धरलं. अग्नी त्यानं दिला. दहाव्याला नदीवर मुंडण त्यानं केलं. मी थोरली बहीण, धाकट्याला अक्षरओळख मी करून दिली, पण मी काठावर बायकांत उभी. तो गोटा झालेल्या डोक्यानं पाण्यातून वर आला तेव्हा सगळे त्याच्याकडे बघून रडले. त्याच्या दुःखाचासुद्धा मला हेवा वाटला. त्याचं दुःख डोक्यावर दिसत होतं.

ठेकेदाराचा माणूस बाराव्यानंतर आला. मोटरसायकलवरून उतरलाच नाही, एक पाय टेकवून बोलला. म्हणाला, त्या दिवशी त्याला वर चढायला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्याचा शर्ट घालून, कंपनीचा माणूस असल्यासारखा तो गेला. वरच्यांनी शर्ट बघितला आणि अडवलं नाही. "म्हंजे फसवणूकच झाली ना, ताई. शर्ट चोरीचा असंल तर आमी काय करणार?"

भावजयीचे वडील तेव्हा आमच्याकडेच होते. पोलादपूरहून दुखवट्याचं लुगडं घेऊन आलेले. म्हातारा माणूस, त्यानं सगळं ऐकलं. मग मुलीला म्हणाला, "चल गो घरी. पोरीला घे. दोन भाकऱ्या जास्त पडतील, पडूदेत."

ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "आता आले तर चोराची बायको म्हणून येन, बाबा. आदी ह्ये निस्तरूदे."

आता सगळं एका माणसाच्या तोंडावर येऊन थांबलं. कामगार खात्याची चौकशी लागली होती. शर्ट आपण दिला, असं चुलतभावानं सांगितलं तर धाकटा चोर ठरत नव्हता. पण कंपनीचा शर्ट बाहेरच्याला देणं नियमाविरुद्ध, त्यात त्याची कायम नोकरी अडकणार. न बोलला तर नोकरी शाबूत.

भिंत एकच असली की सगळं ऐकू येतं. आई तांदूळ निवडत होती तेव्हा पलीकडून काकीचा आवाज आला, "दोरीवर वाळत घातलेला, कोणी न्हेला म्हाईत नाय, असं सांग. गेलेल्याला काय फरक पडतोय रे? तू तरी ऱ्हा." आईचा हात सुपात थांबला.  मग ती पुन्हा खडे वेचायला लागली.

मी उठले आणि सरळ काकांच्या मागच्या पडवीत गेले. चुलतभाऊ मोटरसायकल धूत होता.

"तू काय सांगणार आहेस?"

"बघू."

"बघू म्हणजे काय? ही काय म्हैस बाजारात न्यायची आहे?"

त्यानं फडकं पिळलं. "तू शिकलेली हायस गो. तुला बोलायला काय जातंय? माझी नोकरी हाय."

"नोकरी तुझी नाही. आमच्या बापानं वरची जमीन घेतली म्हणून तुझी आहे."

"मंग जा, आजोबांना जाऊन सांग." त्यानं फडकं बादलीत आपटलं. "लहानपणापासून तुझं हेच. मी पास झालो तरी तोंड वाकडं, नापास झालो तरी हसलीस."

"आणि माझा भाऊ?"

"तुझा? मंग माझा कोण व्हता?" तो ओरडला. गोट्यावरचे बारीक केस उन्हात दिसत होते. "डोकं कोणासाठी भादरलंय मी?"

मी परत आले. आईच्या शेजारी खडे वेचायला बसले.

चौकशीच्या दिवशी खात्याचे साहेब टेबलामागे, कंपनीचा एक माणूस, ठेकेदार, मी, भावजय. मी सगळं मुद्देसूद मांडलं. आमच्यात कपडे कसे दिले जातात, शर्ट ओट्यावर कसा ठेवला, माझ्यासमोर. पंधरा मिनिटं स्वच्छ मराठीत बोलले, एक शब्द अडला नाही. साहेब म्हणाले, "तुम्ही बहीण. तुमची तक्रार ऐकली."

मग चुलतभाऊ आत आला, नवा निळा शर्ट घालून. तो काय ठरवून आला होता ते मला आजही माहीत नाही. मी त्याला विचारलेलं नाही आणि त्यानं सांगितलेलं नाही. त्यानं टोपी काढून हातात घेतली. साहेबांनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं आणि कागद चाळता चाळता, चौकशी म्हणून नाही, माणूस माणसाला विचारतो तसं विचारलं, "घरात कुणी गेलं का?"

त्यानं डोक्यावरून हात फिरवला. मग ठेकेदाराकडे बघितलं, मग भावजयीकडे.

"ह्योच गेला, सायेब. ज्याची चौकशी चाललीय, त्योच. मीच केलं त्याचं सगळं."

"तुम्ही?"

"भाऊ माझा. शर्ट आमच्या घरातनंच गेला. चोरलेला नाय."

"त्यानं मागितला होता?"

"मागायला नाय लागत आमच्यात. माझं झालं का त्याचं." तो थांबला. "आणि माचावर त्यो रोजच चढायचा. सगळ्यांना म्हाईत हाय."

कंपनीचा माणूस खुर्चीत हलला. ठेकेदार म्हणाला, "सायेब, ह्ये भावकीतलं हाय, एकमेकांची बाजू घेणारच." साहेबांनी त्याला हातानं गप्प केलं आणि लिहायला घेतलं. मी सांगितलं ती तक्रार होती. तेच त्यानं सात-आठ अर्धवट वाक्यांत सांगितलं आणि ती साक्ष झाली. बाहेर आल्यावर भावजय त्याच्या पाया पडायला वाकली, त्यानं पाय मागे घेतले आणि चहाच्या टपरीकडे निघून गेला. मला आनंद झाला होता. पण माझा आनंदसुद्धा जळका होता. माझ्या भावाला निर्दोष ठरवायलासुद्धा कायम माणूसच लागला.

पुढे जे झालं ते सरळ आहे. ठेकेदाराला भरपाई द्यावी लागली. पांढऱ्या गाडीतले साहेब काकांच्या अंगणात जे बोलले होते त्याच्या जवळपासही ते जात नाही, पण मुलीच्या नावावर काहीतरी पडलं. भावजय परत पोलादपूरला गेली नाही. तिनं काम मागितलं, त्याच कंपनीत पॅकिंगला मिळालं, ठेकेदाराकडूनच. अरुंद दारानं. चुलतभावाला कंपनीनं घरी बसवलं. काकीनं त्या काळात आमच्याशी बोलणं टाकलं, ओट्यावर काही ठेवायची बंद झाली. मग पाऊस संपता संपता त्याला परत घेतलं, ताकीद देऊन. परत घेता येतं, यालाच कायम म्हणतात. ठेकेदाराच्या माणसाला परत घ्यायचा प्रश्नच येत नाही, त्याला काढलेलंसुद्धा कुणी लिहून ठेवत नाही.

लोक मला म्हणतात, आता तरी त्याच्याविषयी मनात काही ठेवू नकोस, त्यानं तुमच्यासाठी केलं. केलं. मी नाकारत नाही. सणाला त्याचं ताट मी स्वतः वाढते. पण त्याच्याकडे नोकरी पणाला लावायला होती, म्हणून त्यानं लावली. माझ्याकडे पणाला लावायलाच काही नव्हतं, पदवी सोडून, आणि ती कुणी मागितली नाही. याचाही हेवा वाटतो, तर वाटतो.

सकाळी मी महाडच्या गाडीसाठी नाक्यावर उभी असते. भावजय तिथंच मिनीडोरसाठी उभी असते, डबा हातात, अंगात साधा ब्लाउज, वर ते चमकतं जाकीट. चुलतभाऊ चार पावलं पुढे, बसच्या खांबापाशी. बस येते, अर्धी रिकामी. दोघांना जायचं एकाच फाटकाला. सुरुवातीला त्यानं ड्रायव्हरला विचारलं होतं, मी ऐकलं. "मामा, आमच्या धाकट्याच्या बायकोला घेऊ का? मागं बसंल ती." ड्रायव्हर म्हणाला, "मला काय रे, पण वर कोणी बघितलं तर माझी जायची." ड्रायव्हरही ठेक्यावरच आहे.

मला त्याची नोकरी जायला नको आहे. हे लोकांना समजत नाही. माझ्या जळण्याला त्याची बस बंद पडायला नको, त्याचा शर्ट फाटायला नको. मला ती बस भावजयीसाठी थांबायला हवी आहे. जाड शर्ट हवा आहे, तिच्या मापाचा, खिशावर तिचं नाव. तो आम्हाला कुणाच्या अंगावरून उतरून नको आहे. तसा अर्ज मी केला आहे, पॅकिंगच्या बायकांच्या सह्या घेऊन. उत्तर आलेलं नाही. पुन्हा करीन. मला लिहिता येतं, तेवढं तरी आहे.

काकी गेल्या आठवड्यात बोलली. ओट्यावर घडी होती, निळी. खिशावरचं नाव तिनं उसवलं होतं, तिथं गडद निळी पट्टी राहिलेली, बाकी सगळं कापड विटलेलं. "तिला दे," एवढंच म्हणाली आणि वळली. भावजयीनं तो उचलला, अंगाला लावून बघितला. बाह्या लांब होत्या. तिनं माझ्याकडे बघितलं.

"नको घालूस," मी म्हटलं.

"हात भाजतात ओ ताय," ती म्हणाली आणि बाह्या दुमडायला बसली.

आज सकाळी ती तो घालून नाक्यावर आली. बस आली आणि नाक्यावरच्या खड्ड्यापाशी हळू झाली. नव्या ड्रायव्हरनं निळा शर्ट बघितला आणि दार तिच्यासमोरच उघडलं. चुलतभाऊ पायरीवर एक पाय ठेवून थांबला. भावजय जागेवरून हलली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, मग त्या पायरीकडे.

"चढ," मी म्हटलं.